गावाकडे पाहणारे अर्थशास्त्र : धनंजयराव गाडगीळ

बी. ए. च्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात धनंजय रामचंद्र गाडगीळ हे नाव बहुतेक एकदाच भेटते. केंद्र सरकारने राज्यांना योजनेसाठी मदत कशी वाटावी याचे जे सूत्र १९६९ साली ठरले, त्याला ‘गाडगीळ सूत्र’ म्हणतात, एवढे लिहिले की विद्यार्थ्याला दोन गुण मिळतात आणि पान उलटले जाते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात अर्थशास्त्र पुस्तकाबाहेर काढून मंडईत, मोटार अड्ड्यावर, कालव्याच्या काठावर आणि खेड्यातल्या शाळेच्या दाराशी नेले, तो माणूस आपल्या हाती केवळ दोन गुणांचा राहावा, ही गोष्ट मनाला लागते. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे ठरविले. त्यात दिल्लीच्या मोठ्या पदांपेक्षा त्यांच्यातील शिक्षकाकडे अधिक लक्ष दिले आहे. कारण आपल्याला आज गरज आहे ती त्या शिक्षकाची.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा. बालपण आणि शालेय शिक्षण नागपूरला झाले. पुढे ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. तेथे त्यांनी हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांच्या वाढीवर प्रबंध लिहिला. तो १९२४ साली पुस्तकरूपाने छापला गेला. त्या वेळी त्यांचे वय होते तेवीस. पुढे कित्येक वर्षे हे पुस्तक देशभरच्या महाविद्यालयांत अभ्यासाला होते. आपल्या देशातील कारागीर कसा बसला, गिरण्या कशा उभ्या राहिल्या, शेतीत काय बदल झाले, हे एका हिंदी तरुणाने सरकारी अहवाल चाळून, आकडे तपासून मांडले होते.

परदेशची पदवी, गाजलेले पुस्तक आणि इंग्रजीवर प्रभुत्व एवढे भांडवल हाती असलेल्या माणसाला त्या काळात सुखाच्या नोकरीची ददात नव्हती. धनंजयराव मात्र शिक्षणक्षेत्रात आले. १९२५ ते १९३० ही पाच वर्षे ते सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य होते. आणि १९३० साली त्यांच्या आयुष्याचे खरे काम त्यांना सापडले.

नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापिला होता. सातारचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी या समाजाला देणगी दिली आणि त्या देणगीतून १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पूर्ण नाव गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था. तिचे पहिले संचालक धनंजयराव झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे सलग छत्तीस वर्षे, त्या जागेवर राहिले. एका संस्थेत एका माणसाने छत्तीस वर्षे काढणे ही गोष्ट लहान नव्हे. येथे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालत. जो शिकवितो तो पाहणीही करतो, आणि जो शिकतो त्याला पाहणीचे काम चुकत नाही, असा हा संसार होता.

त्या काळी विद्यापीठात अर्थशास्त्र कसे शिकविले जात असे, याचा विचार केला म्हणजे या संस्थेचे वेगळेपण कळते. मार्शलसारख्या इंग्रज पंडितांचे ग्रंथ वाचायचे, मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायच्या, उदाहरणे लंडनच्या बाजाराची द्यायची आणि परीक्षेत तेच उतरून काढायचे. बाहेर पुण्याच्या मंडईत आंब्याची पाटी कोण विकते, अडत किती जाते, बागाईतदाराच्या हाती काय उरते, हे मात्र एम. ए. झालेल्यालाही ठाऊक नसे. ग्रंथ चुकीचे होते असे नाही. पण ते दुसऱ्या देशातील माणसे पाहून लिहिलेले होते. आपली माणसे पाहिल्याशिवाय ते आपल्याला कितपत लागू पडतात, हे ठरविणार तरी कसे?

धनंजयरावांनी काढलेली पहिली कामे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. १९३३ साली पुण्यातील फळांच्या विक्रीची पाहणी प्रसिद्ध झाली. १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची पाहणी आली. त्या वेळी एस. टी. नव्हती. पुणे ते अहमदनगर ही एस. टी. ची पहिली गाडी धावली ती १ जून १९४८ रोजी. तोवर खाजगी मालकांच्या मोटारी रस्त्यावर धावत आणि उतारूंसाठी आपसात चढाओढ करीत. मोटार किती फेऱ्या करते, भाडे काय घेते, तेलपाण्याला आणि दुरुस्तीला किती जाते, मालकाला परवडते का, हे प्रश्न घेऊन अर्थशास्त्राची माणसे मोटार अड्ड्यावर जाऊन उभी राहिली. केंब्रिजहून आलेल्या विद्वानाने आंब्याची पाटी आणि मोटारीचे भाडे हे विषय विद्यापीठाच्या योग्यतेचे मानले, यातच त्यांची दृष्टी दिसून येते.

अशा पाहण्या जगात पूर्वी झाल्या नव्हत्या असे नाही. विलायतेत चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या आणि रौंट्री यांनी यॉर्क शहराच्या गरीब वस्तीची घरोघर पाहणी केली होती. आपल्याकडे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून तो १९१७ साली प्रसिद्ध केला. नंतर कानिटकरांना बरोबर घेऊन जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ साली पुरा केला. ही दोन्ही गावे आपल्याच पुणे जिल्ह्यातली. शेतकी शिकणाऱ्याने शेतकऱ्याचे कर्ज आणि जमिनीचे तुकडे पाहिलेच पाहिजेत, हा धडा मानसाहेबांनी घालून दिला होता. धनंजयरावांचे विशेष हे की, त्यांनी हे एकट्या विद्वानाचे काम न ठेवता संस्थेचा नित्यक्रम बनविला. एक पाहणी संपली की दुसरी, आणि प्रत्येक पाहणीत नवी माणसे तयार होत गेली.

पाहणी म्हणजे नेमके काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण लांबून ते फार सोपे दिसते. आधी प्रश्नपत्रिका करावी लागते. प्रश्न असा हवा की तो ऐकून माणूस बिचकणार नाही आणि उत्तर मात्र नेमके मिळेल. साऱ्या घरी जाणे शक्य नसते, म्हणून काही घरे निवडायची. ती ओळखीची किंवा रस्त्यालगतची निवडून चालत नाही. ठरलेल्या नियमाने निवड करायची आणि निवडलेले घर कितीही आडबाजूला असले तरी तेथे जायचे. मग दारात उभे राहून, आपण कोण, कशासाठी आलो, हे समजावून सांगायचे. उत्पन्न विचारले की लोक कमी सांगतात, कर्ज विचारले की गप्प बसतात. शेतकरी एकर सांगतो, गुंठे सांगतो, पण खर्चाचा हिशेब त्याच्या तोंडात असतो, वहीत नसतो. तो हंगामाच्या क्रमाने हळूहळू काढून घ्यावा लागतो. संध्याकाळी परत येऊन कागद तपासायचे. एका ठिकाणचे उत्तर दुसऱ्या ठिकाणच्या उत्तराशी जुळत नसेल तर पुन्हा त्या घरी जायचे. शेवटी कोष्टके करायची आणि त्यातून जे दिसते तेवढेच लिहायचे. जे दिसावे असे वाटते ते लिहायचे नाही.

या कामात एक मोठी गोष्ट आहे. वर्गात शिक्षक जो प्रश्न विचारतात त्याचे उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते. पाहणीत उत्तर कोणालाच ठाऊक नसते, शिक्षकालाही नाही. म्हणून तेथे विद्यार्थी केवळ विद्यार्थी राहत नाही. त्याने आणलेला आकडा चुकला तर अहवाल चुकतो, आणि अहवाल चुकला तर त्यावर उभारलेला निर्णयही चुकतो. एवढी जबाबदारी अंगावर पडली की शिकणे आपोआप खरे होते. गोखले संस्थेत याच मुशीतून माणसे घडली. ना. वि. सोवनी आणि वि. म. दांडेकर ही त्यातली दोन नावे. दांडेकर पुढे धनंजयरावांच्या मागून संस्थेचे संचालक झाले आणि नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी भारतातील दारिद्र्यावर १९७१ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला तो देशभर गाजला.

१९४० साली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी प्रसिद्ध झाली. शेतीचा जमाखर्च मांडणे ही कठीण गोष्ट आहे. बियाणे, खत, बैल, मजुरी हे खर्च मोजता येतात. पण घरची माणसे शेतात राबतात त्यांच्या कष्टाचे काय? त्यांची मजुरी धरली तर शेती तोट्यात दिसते, न धरली तर फायद्यात दिसते. खरे काय मानायचे? हा प्रश्न पुस्तकातील तळटीप नव्हे. आमच्या घरी आई पहाटे उठून वैरण आणते, धारा काढते, दिवसभर खुरपते. पण शेताला किती खर्च आला असे विचारले तर वडील खताच्या पिशव्या आणि ट्रॅक्टरचे भाडे सांगतात. आईचा दिवस कोणत्याच खात्यात लिहिला जात नाही. अर्थशास्त्राच्या तासाला हा मुद्दा निघाला तेव्हा मला प्रथमच असे वाटले की, हा विषय माझ्या घरातला आहे. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिली. पुस्तकातले जग आणि घरातले जग यांत जे अंतर वाटते, ते शहरातल्या मुलामुलींना कदाचित तितके जाणवत नसेल. आम्हांला ते रोज जाणवते. ते अंतर कमी करणारा माणूस म्हणूनच आम्हांला धनंजयरावांचे मोल अधिक.

शहरही त्यांनी सोडले नाही. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी त्यांनी हाती घेतली. तिचा पहिला भाग १९४५ साली व दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. पुण्याला आपण विद्येचे माहेरघर म्हणतो. पण या पुण्यात कारागीर किती, हमाल किती, कोणाच्या घरात किती माणसे कमावतात, बाहेरगावाहून आलेले लोक कोणत्या कामाला लागतात, हे घरोघर जाऊन विचारल्याशिवाय कळणार नव्हते. संपूर्ण देशासाठी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली ती १९५० साली. त्याच्या किती तरी आधी पुण्यात हे काम चालू होते. पुढे सोलापूर शहराचाही अभ्यास त्यांच्या हातून झाला आणि तो १९६५ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या बारामती-इंदापूरच्या वाचकांना ज्या पाहणीत विशेष गोडी वाटावी ती १९४८ ची. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांपासून होणाऱ्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष फायद्यांचा तो अभ्यास आहे. इंग्रज सरकार कालव्याचा हिशेब पाणीपट्टीवर करी. पाणीपट्टी किती जमली आणि बांधकामाच्या पैशावर व्याज सुटले का, एवढेच पाहिले की दख्खनचे कालवे तोट्याचे ठरत. धनंजयरावांनी हिशेबाची चौकटच मोठी केली. पाणी मिळालेले शेत आणि कोरडवाहू शेत शेजारी शेजारी मांडून पाहा; उत्पन्नात काय फरक पडला, मजुराला किती दिवस जास्त काम मिळाले, बाजारपेठ कशी वाढली, वाहतूक किती वाढली, हे सारे फायदे कालव्याच्या खात्यात जमा धरा. मग कालवा तोट्याचा की फायद्याचा ते बोला. आज धरणाचा किंवा रस्त्याचा विचार करताना ही पद्धत सर्रास वापरतात. त्या वेळी आपल्याकडे ती नवीन होती.

आपल्या कोऱ्हाळ्यावरून नीरा डावा कालवा जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळ निवारणासाठी तो काढला गेला. सुरुवातीला पाणी घ्यायला शेतकरी फारसे पुढे येत नव्हते. सासवडकडची माळी मंडळी कालव्याच्या कडेने खाली उतरली, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या आणि उसाची बागाईत करून दाखविली, तेव्हा इतरांचे डोळे उघडले. आज आपल्याकडे सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती हे कारखाने त्या पाण्यावर उभे आहेत. कालव्याच्या वर कोरडवाहू आणि कालव्याच्या खाली ऊस, असे दोन देश एकाच तालुक्यात आपण रोज पाहतो. जिरायती भागातल्या मैत्रिणीच्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि त्याच दिवसांत इकडे पाटाचे पाणी उसाच्या सरीतून वाहत असते. धनंजयरावांनी शेजारी शेजारी मांडलेली ती दोन शेते आम्हांला नकाशात शोधावी लागत नाहीत.

मात्र त्यांच्या साऱ्या अभ्यासांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाचा. धनंजयराव आणि दांडेकर या दोघांनी तो केला आणि १९५५ साली तो प्रसिद्ध झाला. शाळा काढल्या, पटावर नावे आली, म्हणजे शिक्षण झाले असे सरकार धरून चालते. पण किती मुले मध्येच गळतात, किती एकाच इयत्तेत अडकून राहतात, आणि जी थोडे शिकून बाहेर पडली त्यांना काही वर्षांनी वाचता येते की अक्षरे विसरून जातात, हे कोणी विचारले होते? प्रश्न साधा, पण तो विचारायला शाळा सोडून गेलेल्यांच्या घरी जावे लागते. हजेरीपटात ते सापडत नाहीत.

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात बीड-नगरकडच्या ऊसतोडणी टोळ्या येतात. फडाजवळ कोप्या पडतात. आठ-दहा वर्षांची मुले वाढे गोळा करताना आणि धाकट्या भावंडाला सांभाळताना दिसतात. गावाकडच्या एखाद्या शाळेच्या पटावर यांचे नाव असेलही. येथे मात्र ती कोणाच्याच पटावर नसतात. ही मुले दृष्टीस पडली म्हणजे साताऱ्याच्या त्या पाहणीचा अर्थ कळतो. मोजणी ही कोरडी गोष्ट वाटते. पण ज्याची मोजणीच होत नाही त्याच्यासाठी सरकारदरबारी तरतूदही होत नाही.

धनंजयराव पाहणी करून थांबले नाहीत. शेतीकर्जाच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते आणि तिचा अहवाल १९४५ साली आला. पुढे रिझर्व्ह बँकेने १९५१ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील तिच्या समितीत धनंजयराव होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे तपासली गेली. जे दिसले ते भयंकर होते. शेतकरी जे कर्ज काढी त्यांतले शंभरांतले जेमतेम तीन रुपये सहकारी सोसायट्यांकडून येत आणि सुमारे सत्तर रुपये सावकाराकडून. सहकारी चळवळीला अर्धशतक होत आले होते, आणि तिची ही स्थिती! समितीने १९५४ साली आपले निष्कर्ष मांडले. सहकार अपयशी ठरला आहे, तरीही तो यशस्वी झालाच पाहिजे, असा त्याचा आशय होता. सोसायट्यांत सरकारने भांडवल घालावे, कर्जाची विक्रीव्यवस्थेशी सांगड घालावी, गोदामे बांधावीत, अशा शिफारशी झाल्या. इंपीरियल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली तीही या समितीच्या शिफारशीवरून. आज गावच्या विकास सोसायटीत पीककर्जासाठी आपले वडील रांगेत उभे राहतात. त्या व्यवस्थेला आकार देण्यात या पाहणीचा मोठा हात आहे.

आणि एक प्रयोग तर त्यांनी स्वतः उभा राहून केला. ज्या प्रवरा कालव्याच्या पट्ट्याची पाहणी झाली होती, त्याच पट्ट्यात, त्या वेळच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणी येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना निघाला. गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा केले ते विठ्ठलराव विखे पाटील यांनी. विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. पण शेतकरी कोठे नाडला जातो हे त्यांना पक्के ठाऊक होते. मुंबई सरकारात मंत्री असलेल्या वैकुंठभाई मेहतांनी मदतीचा हात दिला. अध्यक्षपद आले धनंजयरावांकडे आणि सुमारे दहा वर्षे ते त्यांनी सांभाळले. केंब्रिजचा पंडित आणि प्रवरेकाठचा शेतकरी एका टेबलाशी बसून उसाचा भाव ठरवीत, हे दृश्य महाराष्ट्राच्या इतिहासात दुर्मिळ आहे. या दोघांत कोणी कोणाला शिकविले हे सांगणे कठीण आहे. १९५० च्या अखेरीला कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला आणि त्याच वाटेने पुढे महाराष्ट्रभर सहकारी कारखाने उभे राहिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही धनंजयरावांचा वाटा होता. मराठी भाषकांचे एक राज्य आर्थिकदृष्ट्याही कसे योग्य आहे, हे आकडेवारीनिशी मांडण्याचे काम त्यांनी केले. १ मे १९६० रोजी ते राज्य झाले.

१९६६ साली त्यांनी संस्थेचे संचालकपद सोडले आणि ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वर्षभरातच, १९६७ साली, त्यांना दिल्लीस नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून बोलावणे आले. दोन वर्षे दुष्काळाची गेली होती, चलनाचे अवमूल्यन झाले होते आणि पंचवार्षिक योजनांचे गाडे अडले होते. १९६९ साली चौथी योजना मार्गी लागली. तोवर केंद्राची मदत राज्यांना कशी मिळे, याला ठरावीक नियम नव्हता. धनंजयरावांनी नियम घालून दिला. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या राज्यांची गरज आधी बाजूला काढायची. उरलेली मदत वाटताना साठ टक्के लोकसंख्येवर, दहा टक्के दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना, दहा टक्के करवसुलीच्या प्रयत्नावर, दहा टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज योजनांसाठी आणि दहा टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. मर्जीच्या जागी मोजमाप आले. पुढे या सूत्रात फेरफार झाले आणि २०१५ साली तर नियोजन मंडळच जाऊन नीती आयोग आला. पण गरजेची मोजणी करून वाटणी करावी, हा विचार मात्र जुना झालेला नाही.

१९७१ साली त्यांनी दिल्लीचे पद सोडले. प्रकृती ढासळली होती. परतीच्या प्रवासातच ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्याला, आपल्या संस्थेच्या आवारात, ते पुन्हा पोचले नाहीत.

चरित्र लिहिताना केवळ गौरव करून थांबणे बरे नव्हे. धनंजयरावांनी सहकाराकडून जी अपेक्षा केली ती सर्व ठिकाणी पुरी झाली नाही. लहान शेतकऱ्याच्या हाती सत्ता यावी म्हणून उभारलेल्या संस्था काही ठिकाणी थोड्या घराण्यांच्या हाती गेल्या, काही कारखाने कर्जात बुडाले. ऊस तोडणारा मजूर तर सभासदांच्या यादीत कधी आलाच नाही. कालव्याचा फायदा मोजण्याची पद्धत त्यांनी दिली, पण अति पाण्याने चोपण झालेल्या जमिनीचा हिशेब आजही आपण नीट मांडत नाही. मात्र हे दोषही आपण ओळखतो ते त्यांनीच शिकविलेल्या रीतीने, म्हणजे जाऊन, विचारून आणि मोजून.

आता आपल्या महाविद्यालयाकडे वळते. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना गुण मिळू लागले आहेत. कागदावर ही गोष्ट धनंजयरावांच्या वाटेवरचीच आहे. प्रत्यक्षात काय होते ते आपण सारे जाणतो. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात. मुखपृष्ठ बदलले की काम भागते. विषयही असे असतात की ते पुण्याला, नाशिकला, कोठेही चालावेत. दुसरीकडे, विद्यार्थ्याला अनुभवाच्या नावाखाली एखाद्या कचेरीत पाठवून महिनाभर कागद लावायला बसविले, तर तेही शिक्षण नव्हे. ते फुकटचे काम झाले. आमच्यासारख्या घरांतील मुलांना कष्टाचे कौतुक कोणी सांगायला नको. आईबापांनी कष्टांतून सुटका व्हावी म्हणूनच आम्हांला कॉलेजात धाडले आहे. म्हणून प्रश्न काम करण्याचा नाही. त्या कामात डोके लागते का, त्याची जबाबदारी आपली असते का आणि त्याचा निष्कर्ष कोणाच्या उपयोगी पडतो का, हा प्रश्न आहे. गोखले संस्थेच्या पाहण्या या तिन्ही कसोट्यांना उतरल्या.

अशी कामे आपल्या उंबऱ्याशी पडली आहेत. कोऱ्हाळ्याहून बारामतीला कॉलेजला येणाऱ्या मुलींना एस. टी. च्या वेळा जुळतात का, आणि गाडी चुकल्यामुळे किती जणींचे शिक्षण सुटले? कालव्याच्या पाणीपाळीत शेपटाकडच्या शेतकऱ्याला वर्षात किती वेळा पाणी पोचते? एका एकर उसात घरच्या बायकांचे किती दिवस जातात? गावालगतच्या फडांवर शाळेच्या वयाची किती मुले आहेत? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तिकेत मिळणार नाही. वर्गातील चाळीस मुलामुलींनी एका हंगामात प्रत्येकी पाच घरे नीट केली, तर दोनशे घरांची माहिती जमा होईल. ती तपासून एस. टी. आगाराकडे, पाटबंधारे कचेरीकडे किंवा ग्रामपंचायतीकडे देता येईल. एखादी गाडी अर्धा तास अलीकडे आली तरी ते आपल्या अर्थशास्त्राचे फळ होईल.

धनंजयरावांचा पुतळा उभारण्यापेक्षा हे सोपे आहे आणि स्वस्तही आहे. लागतात त्या एक वही, एक नीट विचार करून केलेली प्रश्नपत्रिका आणि दुपारच्या उन्हात दहा दारे ठोठावण्याची तयारी. प्रश्न काय विचारावेत, हे सुचविण्यासाठी प्राध्यापक मंडळी आहेतच. कोणाच्या दाराशी कधी जावे, कोणत्या वेळी घरची बाई भेटेल, कोणता प्रश्न शेवटी विचारावा, हे मात्र आम्हां गावाकडच्या मुलामुलींना त्यांच्यापेक्षा अधिक कळते. या एका बाबतीत तरी आमचे खेड्यातून येणे हे आमचे भांडवल आहे.

— एस. वाय. बी. ए. (अर्थशास्त्र), कोऱ्हाळे बुद्रुक